सुनरियामावशीच्या टाचण्या

सुनरियामावशी गेली त्या दिवशी सकाळीच माझ्याकडं तीन निरोप आले, आणि तिन्ही खुर्च्यांसाठी. तिच्या भावाच्या पोरानं सांगितलं, काका, खुर्च्या आमच्या अंगणात टाका, आत्याला अग्नी आम्ही देणार. तिच्या दिराचा माणूस आला, म्हणाला, कसला अग्नी, भाभी आमच्या घरची, मशिदीमागं काझिमभाईच्या शेजारी तिची जागा ठेवलेली आहे. आणि चर्चमधून फोन, की रूथबाई आमच्या शाळेची, रविवारच्या वर्गाला तिनं पोरं शिकवली, तेव्हा निदान एक प्रार्थना तरी आमची व्हावी. मी तिघांनाही एकच उत्तर दिलं, आधी तुमचं भांडण मिटवा, तोवर खुर्च्या ट्रकात.

माझा धंदा हा असा. तंबू, खुर्च्या आणि कॉफीचं मोठं पातेलं. आमच्या ट्रेसपासून, म्हणजे उसाच्या मळ्यांमधल्या आमच्या वस्तीपासून, थेट कूवाच्या बाजारापर्यंत लग्न असो, मयत असो, कथा असो की मौलूद, देव कुणाचाही असो, बूड टेकायला माझीच खुर्ची लागते. त्यामुळं तिन्ही धर्मांचं मला आयुष्यभर फुकट ऐकायला मिळालं. मागं उभं राहून ऐकणाऱ्याला एक बरं असतं, त्याच्याकडं कुणी बघत नाही.

आणि मी ज्यांना ज्यांना वाचताना ऐकलं, त्यात मावशीसारखं कुणी नाही. जन्म मळ्यावरच्या बराकीतला, जिथं हिंदुस्थानातून जहाजानं या बेटावर आणलेले ऊसमजूर राहायचे, हिंदू घरातला, नाव सुनरिया. बापानं मिशनच्या शाळेत घातली, कारण ती जवळ होती, दुसरं काही नाही. तिथल्या मिसबाईला सुनरिया म्हणता येईना, तर तिनं रूथ करून टाकलं. पुढं काझिम शिंप्याशी लग्न केलं आणि निकाहाच्या कागदावर जैबुन झाली. तिन्ही नावांना ती ओ द्यायची. एकदा मी विचारलं, मावशी, यातली खरी तू कोणती? तर म्हणाली, "जिला जेवायला हाक मारतात ती."

काझिम लवकर गेला. मशीन तिच्याकडं आली. शाळेचे गणवेश, नवरीचे कपडे, कफन, सगळं एकाच मशीनवर. आणि मशीनशेजारच्या फळीवर तीन पुस्तकं, प्रत्येकाला तिनं स्वतः शिवलेलं फडकं. पिवळ्यात रामायण, हिरव्यात कुराण, काळ्यात बायबल. कुणाच्या घरी माणूस अंथरुणाला खिळला किंवा गेला, की निरोप यायचा, मावशीला बोलवा. त्या घरचं पुस्तक ती पिशवीत टाकायची, हातातलं शिवणही टाकायची, आणि निघायची. आवाज असा, की जाड्याभरड्या माणसानं पण पाय खाली सोडून नीट बसावं.

आता टाचण्यांचं सांगतो. ते तिनंच मला सांगितलेलं आहे, तिच्या दारात, तंबूची कनात शिवून घ्यायला गेलो होतो तेव्हा.

तिचे सासरे हुसेनबाबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अरबी सगळं पाठ, पण अर्थ कधी कुणी सांगितला नव्हता. कुणीतरी हजहून येताना इंग्रजी अर्थाचं कुराण आणलं, आणि मग नियमच झाला, दुपारी सुनेनं मशीन थांबवायची आणि म्हाताऱ्याला एक पान वाचून दाखवायचं. एक दिवस ती एका जागी अडखळली. बायको ऐकत नसेल तर नवऱ्यानं काय काय करावं, ते तिथं होतं, आणि होता होता ते हात उचलण्यापर्यंत आलं होतं.

"थांबलीस का, दुलहिन?"

"दोरा तुटला, बाबा."

"दोरा मशीनला असतो, किताबाला नसतो. वाच."

तिनं वाचलं. म्हातारा दाढी चोळत बसला. मग म्हणाला, "माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं. पण माझ्या आईला मारताना म्हणायचा, किताबात आहे. मला जन्मभर वाटायचं, थापा मारतो."

"इमामसाहेब म्हणतात, त्याचा अर्थ तसा नाही."

"नसेल. इमामसाहेब भला माणूस आहे. पण त्यांचा अर्थ माझ्या आईच्या पाठीला कुणी सांगितला नव्हता."

आणि त्यानं हात पुढं केला. मावशीच्या पोलक्याला नेहमी टाचण्या असायच्या, शिंपिणीच्या असतातच. त्यातली एक मागून घेतली आणि म्हणाला, "फाडायचं नाही. खोडायचं नाही. आपण कोण खोडणारे? फक्त टाच. वर गेलो की विचारायचं आहे मला, हे इथं का, तेव्हा जागा सापडली पाहिजे."

दोन पावसाळ्यांनी हुसेनबाबा वर गेले. विचारलं की नाही, तसा निरोप काही आला नाही.

दुसरी कुणी असती तर सासरच्या पुस्तकाला टाचणी लावून गप्प बसली असती, वर माहेरी जाऊन सांगितलंही असतं. पण मावशीनं टाचण्यांची डबी घेऊन माहेरचं पुस्तक उघडलं. तिथं निघालं, ढोल, गावंढळ, हलक्या जातीचा, जनावर आणि बाई, हे सगळे म्हणे बडवण्याच्याच लायकीचे. मग मिशनच्या शाळेत बक्षीस मिळालेलं काळं पुस्तक उघडलं. तिथं देवाचा माणूस राजाला सांगत होता की त्या शहरातलं कुणी ठेवू नकोस, बाई नको, तान्हं मूल नको, गाढवं पण नकोत. गाढवांनी काय केलं होतं, ते मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिनं तिघांनाही विचारलं, पंडितजींना, इमामसाहेबांना आणि पाद्रीबाबांना. तिघंही शहाणी माणसं, माझ्या खुर्च्या कधी मोडून परत केल्या नाहीत. पण इथं प्रत्येकाचं एकच, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्याकडं त्याला संदर्भ आहे, बेटी, त्यांच्याकडचं मात्र कठीण आहे बुवा. मावशी तिघांचंही ऐकून घ्यायची, सेवया खायची, परसाद खायची, केक खायची, आणि घरी येऊन टाचणी तिथंच ठेवायची.

तोवर टाचणी नुसती खुणेची होती. वाचताना ती आली की मावशी क्षणभर थांबायची आणि पुढं वाचायची. मग जसोद्राचं झालं.

बुधू ताशेवाल्याच्या घरी कथा होती. मंडप माझाच. स्वयंपाकघरात कुणा पोरीची ओढणी फाटली, आणि पोरगी हुशार, तिनं मावशीच्या पिवळ्या पुस्तकातल्या टाचण्या काढून ओढणीला लावल्या. मावशी तेव्हा पुऱ्या लाटत होती. पंडितजींचा पुतण्या नवा नवा वाचायला शिकलेला, त्यानं पुस्तक उघडलं आणि नेमकं ते ढोल आणि बाईवालं पान लागलं. थांबायची खूण नव्हती, पोरानं ते खणखणीत वाचलं, अर्थासकट. बुधू मागून म्हणाला, "ढोलाबद्दल माझी काही हरकत नाही." सगळे हसले. मीही हसलो, का खोटं बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी जसोद्रा मावशीकडं फाटलेलं पोलकं घेऊन आली. एक डोळा मिटलेला. नवरा जगरू आधीही हात उचलायचा, पण पिऊन, आणि सकाळी मान खाली घालायचा. या वेळी प्यायला नव्हता. "म्हणाला, आता तर पोथीतच ऐकलं ना," जसोद्रानं सांगितलं, "आणि सकाळी मान पण खाली घातली नाही त्यानं, मावशी."

त्या दिवसापासून मावशीनं एकाच्या दोन टाचण्या केल्या. पानं एकमेकांना टाचून बंद. वाचताना तिथं आलं की सरळ उडी. ऐकणाऱ्याला सांधाही दिसायचा नाही, कारागीरच ती. लोक म्हणायचे, मावशीनं वाचलं की देव किती मायाळू वाटतो.

मी एकदा चिडवलं. "मावशी, मापात मारतेस तू. गिऱ्हाईकाला माल कमी देतेस."

"तू मोडकी खुर्ची मांडतोस का रे?"

"नाही. बाजूला काढतो."

"का?"

"माणूस पडेल ना."

"मग," म्हणाली आणि मशीनचं चाक फिरवलं.

 वर्षानुवर्षं असंच चाललं, आणि माणसाला आपल्याच युक्तीची सवय लागते. मावशीला वाटायला लागलं की ट्रेसमध्ये जी काय शांतता आहे ती तिच्या डबीतली आहे.

एस्मी गोकूल ही मावशीच्या मिशनच्या शाळेतली मैत्रीण. दोघी एका बाकावरच्या. मावशीला नुसतं रूथ म्हणून हाक मारणारी आता तीच एक उरलेली. एस्मी चर्चवाली, नवरा कारखान्यात मेला, दोन मुलगे, ऑस्वल्ड आणि लेनॉक्स, दोघंही ऊस तोडायचे. रस्त्याच्या पलीकडं बरोबर समोर रघुबीरचं घर. ऑस्वल्ड आणि रघुबीर एका ताटात जेवलेले, एका टोळीत ऊस तोडलेले. रमच्या दुकानात पत्त्यांचा डाव चालला होता, गुलाम पकडला की नाही यावरून बोलाचाली झाली. गुलाम! पत्त्यातला. रघुबीरनं बाहेर सायकलला बांधलेला कोयता काढला, आणि ऑस्वल्ड दुकानाच्या पायरीवरच गेला. पोलिसांनी रघुबीरला धरून नेलं तेव्हा तो अजून म्हणत होता, त्यानं पत्ता लपवला होता.

राहिलं काय, तर समोरच्या घरात रघुबीरची बायको तेतरी आणि तिची चार-सहा दिवसांची तान्ही मुलगी. तेतरीचं माहेर लांब, मायारोला. पोलीस म्हणाले, बाई, इथं थांबू नकोस, वातावरण बरं नाही. पण आमच्याकडं बारावा, म्हणजे बाळाचं बारसं, होईपर्यंत बाळंतीण आणि बाळ उंबरा ओलांडत नाहीत. ओलांडला तर बाळाला बाधा होते, असं तेतरीच्या आजीनं तिच्या आईला सांगितलेलं आणि आईनं तिला. बाहेर एवढी मोठी बाधा बसली होती, तरी ती पोरगी आत दार लावून बसली.

बाहेरची बाधा म्हणजे लेनॉक्स. मयतीच्या दिवशी सकाळपासून तो पायरीवर बसून कोयत्याला कानस मारत होता. मी खुर्च्या मांडत होतो, बायका कॉफी देत होत्या, आणि मध्ये ते खर्र, खर्र. कुणी काही म्हणेना. मीच म्हणालो, "लेनॉक्स, आज कुठं ऊस तोडायला जायचंय तुला?"

"माती टाकून झाली की समोर जाणार आहे, काका. रघुबीर नाही सापडला तर घरात जो असेल तो."

"घरात कोण आहे, माहीत आहे ना तुला?"

"माझ्या घरात कोण होतं, ते त्याला माहीत होतं." आणि कानस चालू.

मी एस्मीकडं गेलो. म्हटलं, तुझ्या पोराला सांग. ती पेटीजवळ बसली होती, ऑस्वल्डचा टाय सरळ करत. म्हणाली, "मी काय सांगू? माझंच काळीज पेटलंय. जायचं तर जाऊ दे त्याला." मला भीती वाटली, खरं सांगतो. मी आत जाऊन मावशीला बोलवायला माणूस पाठवला. सकाळी पाद्रीबाबा येऊन मेंढपाळाचं वाचून गेले होते, देव मेंढपाळ आणि आपण मेंढरं, हिरवी कुरणं, संथ पाणी. सगळे आमेन म्हणाले होते. कानस थांबली नव्हती.

मावशी दुपारी आली. हातात पिशवी. एस्मीच्या शेजारी बसली, काळं फडकं सोडलं. एस्मी म्हणाली, "मेंढपाळ नको. मेंढपाळ सकाळी झाला."

"मग काय वाचू, सांग."

"नदीकाठचं. शेवटपर्यंत."

ते सगळ्या चर्चवाल्यांना पाठ असतं, म्हणजे पहिली कडवी. परमुलखात धरून नेलेली माणसं नदीच्या काठी बसून आपल्या गावाच्या आठवणीनं रडतात, ते. शाळेत चालीवर म्हणायला शिकवतात. शेवटचं कुणी शिकवत नाही.

"ते टाचलंय, एस्मी," मावशी हळू म्हणाली.

"मला ठाऊक आहे. आपण दोघींनी बाकाखाली चोरून वाचलं होतं. मिसनं दोघींच्या हातावर छडी मारली. तेव्हा मला वाटलं होतं, शी, हे काय घाणेरडं. आज कळतंय मला ते कुणी लिहिलंय. ज्याचं पोर मारलं त्यानं लिहिलंय ते. टाचण्या काढ, रूथ."

"लेनॉक्स ऐकतोय."

"म्हणूनच काढ."

"मी नाही वाचणार ते. मागं एकदा टाचण्या निघाल्या तेव्हा काय झालं, मला माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे?" एस्मीचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "इतकी वर्षं घरोघर जाऊन तू देवाला अर्धंच बोलू देतेस. तुझ्या टाचणीनं राग थांबतो, असं वाटतं तुला? माझा राग पुस्तकात नाही. इथं आहे." तिनं छातीवर हात मारला. "इथं टाच ना मग. आहे तुझ्याकडं एवढी लांब टाचणी?"

मावशीनं काळं फडकं परत पुस्तकावर ओढलं.   मला वाटलं, आता उठून जाईल. गेली असती तरी तिला कुणी बोल लावला नसता.

तिनं टाचण्या काढल्या. एक आणि दुसरी. आता शिंपीण माणूस टाचणी जमिनीवर ठेवत नाही, आणि मयतीच्या घरी तोंडात धरत नाही. तिनं सवयीनं पिशवीतलं अर्धवट शिवण मांडीवर ओढलं, आणि टाचण्या त्याला लावल्या. मग वाचायला लागली.

नदीकाठचं रडणं आलं, तेव्हा बायका चालीवर गुणगुणल्या. मग ज्यांनी आमचं गाव जाळलं त्यांची आठवण ठेव, देवा, असं आलं, आणि गुणगुण बंद झाली. तुम्ही आम्हाला जसं केलंत तसंच जो तुम्हाला करील त्याचं भलं होवो, असं आलं. आणि मग शेवटची ओळ. त्यांची तान्ही पोरं उचलून जो दगडावर आपटील, त्याचं भलं होवो. मावशीनं ती ओळ गाळली नाही, आवाजही खाली आणला नाही. जसं मेंढपाळाचं वाचायची, तसंच वाचलं.

कुणी आमेन म्हणालं नाही. कानस थांबली होती. लेनॉक्स आईकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आवडलं नाही. परवानगी मिळाल्यासारखं काहीतरी होतं.

एस्मी मावशीच्या मांडीकडं बघत होती.

"ते काय आहे?"

"झबलं."

"कुणाचं?"

मावशीनं खोटं बोलायला हवं होतं, मी तर बोललो असतो. ती म्हणाली, "समोरचं. बाराव्यासाठी शिवायला दिलं होतं, हे सगळं व्हायच्या आधी. आता बारावा कोण करतंय म्हणा."

एस्मीनं ते उचललं. पिवळं, सुती, एका बाजूची पट्टी अजून शिवायची राहिलेली. तिनं ते तळहातावर पसरलं. तिचा तळहात ऊस तोडणाऱ्या बाईचा, मोठा, पण झबल्याच्या बाह्या बोटांपलीकडं गेल्या नाहीत. ती ते उलटंपालटं करून बघत राहिली. ऑस्वल्डचं पहिलं झबलं पण मावशीनंच शिवलं होतं, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं.

"परत वाच," एस्मी म्हणाली. "शेवटचं तेवढंच. हळू."

मावशीनं परत सुरुवात केली. तुम्ही आम्हाला जसं केलंत, इथं आली तेव्हा एस्मी म्हणाली, "थांब. हे माझं आहे. हे मला पाहिजे. रघुबीरनं जसं केलं तसं त्याला होवो. आमेन. आता पुढं."

मावशीनं पुढची ओळ सुरू केली, आणि एस्मीनं पानावर हात ठेवला. झबलं अजून त्याच हातात होतं.

"हे नको."

मावशीनं ओळीवरचं बोट काढलं.

एस्मीनं झबल्यातली एक टाचणी काढली. पानाचा खालचा कोपरा वर दुमडून त्या ओळीवर घातला आणि टाचला. तिला शिवणकाम येत नव्हतं, टाचणी वाकडी गेली. मग म्हणाली, "लेनॉक्स, कोयता ठेव आणि इकडं ये. भावाला खांदा द्यायला माणूस कमी पडतोय."

"मा, सकाळी तूच म्हणालीस..."

"म्हणाले होते."

"आणि पुस्तकात पण आहे. आत्ता ऐकलं सगळ्यांनी."

"आहे," एस्मी म्हणाली. "पुस्तकात आहे. तरी नको."

लेनॉक्स लगेच उठला नाही. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. मग तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखा, आणि सकाळपासून त्या घरात पहिल्यांदा कुणी मोठ्यानं रडलं. कोयता पायरीवरच राहिला. मी तो खुर्च्यांच्या ढिगात सरकवला आणि ट्रकातून घरी आणला. परत मागायला कुणी आलं नाही.

आता यावरून कुणी असं समजू नका की एस्मीनं माफ केलं. छे. कोर्टात ती पहिल्या बाकावर बसायची, रघुबीरला जन्मठेप झाली तेव्हा तिनं देवाचे आभार मानले, आणि तेतरीशी कित्येक वर्षं एक शब्द बोलली नाही. रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूनं चालायची. तिचा तो हक्क होता, त्यावर मी काही बोलणार नाही. झबलं मावशीनं त्याच संध्याकाळी पुरं केलं आणि तेतरीच्या दारातून आत दिलं. बारावा झाला, माझी एकही खुर्ची न लागता झाला.

मावशीनं मात्र नंतर तिन्ही पुस्तकं खाली काढली आणि कुलपाच्या टाचण्या उपटल्या. परत एकेकच ठेवली, सासऱ्यानं लावली होती तशी, खुणेची. त्या जागी आली की ती ओळ पूर्ण वाचायची, मग मान वर करून म्हणायची, "इथं हुसेनबाबांचा प्रश्न आहे," आणि पुढं जायची. काही घरांना ते रुचलं नाही. एकदोघांनी बोलावणं बंद केलं, मयतीच्या घरी प्रश्न कशाला म्हणून. जगरूच्या घरी तर तिनं ती ढोलवाली ओळ मुद्दाम जाऊन वाचली, जगरूच्या तोंडावर, जसोद्राला शेजारी बसवून, आणि प्रश्नही त्यालाच विचारला. त्यानं काय उत्तर दिलं ते मी सांगत नाही, पण त्यानंतर मान खाली घालायला तो परत शिकला. मारायचा थांबला, असं मी म्हणणार नाही, जसोद्रा त्याला सोडून सान फर्नांडोला गेली तेव्हाच ते थांबलं.

एस्मीची वाकडी टाचणी तेवढी मावशीनं कधी काढली नाही. मी विचारलं, ही का ठेवलीस? म्हणाली, "ती माझी नाही."

तर अशी सुनरियामावशी. शेवटी भांडण मिटलं ते असं, की नमाज होऊन तिला काझिमच्या शेजारी पुरलं, आणि दुपारी तिच्या अंगणात तिन्ही पुस्तकं वाचायची ठरली. मी खुर्च्या ट्रकातून उतरवल्या. वाचायला बसली अंजनी. म्हणजे तेतरीची पोरगी. समोरच्या घरातून सरपटत सरपटत मावशीच्या मशीनखाली येऊन बसायची, चिंध्या गोळा करायची, पुढं मशीनवर बसायला लागली, आणि आता ट्रेसमधले सगळे गणवेश तीच शिवते. बाप तुरुंगात का आहे, ते तिला ठाऊक आहे. त्या दुपारचं ठाऊक नाही. आमच्या ट्रेसमध्ये कोंबडीनं अंडं दिलं तरी कूवाला कळतं, पण ती एक दुपार गावानं पोटात ठेवली. हे कसं जमलं, मला सांगता येणार नाही.

एस्मी पहिल्या रांगेत बसली होती. आता तिलाही नीट दिसत नाही. पिवळं वाचून झालं, हिरवं वाचून झालं, हुसेनबाबांचा प्रश्न अंजनीनं मावशीसारखीच मान वर करून विचारला. मग काळं फडकं सोडलं. एस्मी म्हणाली, "नदीकाठचं वाच, बाळ. रूथला आवडायचं."

अंजनीनं वाचलं. आवाज चांगला आहे तिचा, मावशीइतका नाही, पण चांगला आहे. वाचत वाचत खाली आली आणि थांबली. पान डोळ्यांजवळ घेतलं.

"इथं एक वाकडी टाचणी आहे, आजी. मावशीची नाही वाटत, तिची अशी नसते. खाली अजून एक ओळ आहे. काढू?"

मागच्या रांगेतला लेनॉक्स जमिनीकडं बघत होता. केस पांढरे झालेत त्याचे.

"राहू दे," एस्मी म्हणाली. "ती तुझी आहे."

अंजनीला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पातेल्यातली कॉफी ढवळत राहिलो.